भारमान

गेल्या मार्चमध्ये एकाच बाईंच्या प्रवासाचे कागद माझ्या टेबलावर तीनदा आले. पहिल्यांदा हिमवादळामुळे विमान निघालंच नाही. दुसऱ्यांदा ते निघालं, त्यांच्या गावावर दोन घिरट्या घातल्या आणि धावपट्टी दिसेना म्हणून माघारी आलं. तिसऱ्यांदा बाई इकालुइटपर्यंत, म्हणजे मी राहते त्या कॅनडाच्या उत्तरेतल्या शहरापर्यंत, पोचल्या, पण तोवर ओटावातली एमआरआयची तारीख उलटून गेली होती. नवी तारीख मिळेपर्यंत चार रात्री इथे थांबणं आलं. सोबत लेक, कारण आईला इंग्रजी येत नाही. दोघींचं विमानभाडं, राहणं, जेवण, टॅक्सी आणि परतीचं पुन्हा तेवढंच. हे सगळं एका तपासणीसाठी. बेरीज करून मी आकडा रकान्यात लिहिला आणि नेहमीसारखी क्षणभर थांबले. चार वर्षं हेच काम करते आहे. तरी रकान्यात असा आकडा पडला की मला अण्णा आठवतात.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. आमचं गाव पुणे जिल्ह्यात, सह्याद्रीच्या कुशीत, धरणाच्या फुगवट्यापलीकडे. गावाला मुक्कामी गाडी होती. रात्री आठला यायची, मारुतीच्या देवळापुढे उभी राहायची आणि सकाळी सहाला निघायची. महिन्यातले काही दिवस ती अण्णांकडे असायची आणि त्या रात्री ते घरी जेवायचे. सकाळी गाडीत दुधाचे कॅन, कॉलेजची चार पोरं, सात-बारा काढायला निघालेला एखादा म्हातारा, आणि आठवड्यातून एकदा तरी दिवस भरत आलेली बाई किंवा तापाने फणफणलेलं लेकरू. पन्नास माणसांच्या गाडीत बारा-पंधरा जण. मीही याच गाडीने शाळेला गेले. मुलींना पास मोफत होता.

एसटीत एक शब्द आहे, भारमान. गाडीच्या क्षमतेच्या मानाने किती माणसं बसली, त्याची टक्केवारी. लहानपणी हा शब्द मी घरात जितका ऐकला तितका पावसाचाही ऐकला नसेल. आमच्या फेरीचं भारमान कायम कमी. एका वर्षी डेपोत ठरलं, ही फेरी बंद करायची. अण्णा साहेबांकडे गेले. ते काय बोलले हे त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं, मी आतल्या खोलीतून ऐकलं. धरण झालं तेव्हा आमचा जुना रस्ता पाण्याखाली गेला. नवा रस्ता पाण्याला वळसा घालून येतो, चौदा किलोमीटर जास्तीचा. डिझेल जळतं ते त्या वळशावर. अण्णा म्हणाले होते, "साहेब, हे गाव लांब गेलं नाही. त्याला लांब केलंय." फेरी चालू राहिली. अण्णांच्या बोलण्यामुळे राहिली असं मी म्हणणार नाही, त्या वर्षी निवडणूकही होती. पण ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं आणि ते बरोबर घेऊनच मी इथवर आले.

इथे म्हणजे नुनावुतमध्ये. कॅनडाच्या नकाशात वरच्या बाजूला बर्फाने तुकडे पडल्यासारखी जी बेटं दिसतात, ती बहुतेक याच प्रदेशात. १ एप्रिल १९९९ रोजी वायव्य प्रदेशाचं विभाजन होऊन हा वेगळा झाला. इथल्या मूळच्या इनुइट लोकांनी १९९३ साली केंद्र सरकारशी जमिनीचा करार केला होता, त्यातून तो जन्मला. नुनावुत म्हणजे आमची भूमी. क्षेत्रफळ सुमारे २० लाख ९० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास सातपट. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या भरली ३६,८५८. एका तालुक्यातही बसावीत एवढी माणसं, तीही पंचवीस वस्त्यांत विखुरलेली. या पंचवीसपैकी कोणत्याही दोन वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही. एकही नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते कळलं नव्हतं. आपल्याला रस्ता नसणं म्हणजे खराब रस्ता असणं एवढंच माहीत असतं.

रस्ता नसला की बाकी सगळं कसं बदलतं, ते इथे राहिल्यावर उलगडत गेलं. वीज बाहेरून तारेवरून येत नाही. प्रत्येक वस्तीत स्वतंत्र डिझेल केंद्र आहे. ते डिझेल उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला की टँकर जहाजातून येतं आणि वर्षभर पुरवावं लागतं. जमीन कायमची गोठलेली, म्हणून घरं खांबांवर उभी. जमिनीत नळ पुरणं बहुतेक ठिकाणी अशक्य, म्हणून पाणी टँकरने. घराच्या टाकीत एक टँकर पाणी भरतो आणि दुसरा सांडपाणी उपसून नेतो. वादळात टँकर आला नाही की घरात भांडी साठतात. टँकरची वाट बघणं मराठी माणसाला नवीन नाही. पण बाहेर उणे तीस असताना, चारी बाजूंना बर्फ असताना टँकरची वाट बघणं मी इथेच शिकले.

आणि दवाखाना. अख्ख्या नुनावुतमध्ये एक रुग्णालय आहे, इकालुइटला, पस्तीस खाटांचं. बाकी वस्त्यांमध्ये आरोग्य केंद्र, तिथे नर्स. डॉक्टर अधूनमधून विमानाने येतात, एरवी फोनवर. याहून मोठं काही असलं की दक्षिणेला जायचं. बॅफिन बेटाकडचे लोक ओटावाला जातात, पश्चिमेकडच्या किवालिक भागातले विनिपेगला, त्याहून पलीकडचे एडमंटन किंवा यलोनाइफला. इकालुइटहून ओटावा सुमारे दोन हजार किलोमीटर, विमानाने तीन तास. सवाई गंधर्व महोत्सवाला जायची तयारी करावी तशी इथली माणसं डोळे तपासायच्या प्रवासाची तयारी करतात: घर कुणाकडे, पोरं कुणाकडे, कुत्र्याला कोण खाऊ घालणार. रुग्णप्रवासाच्या या बिलांचा हिशेब ठेवणं हे माझं काम. त्यातला काही भाग केंद्राच्या आरोग्य लाभ योजनेकडून परत मागायचा, बाकीचा प्रदेशाने सोसायचा.

आता हा पैसा कुठून येतो. नुनावुत सरकारच्या उत्पन्नातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग ओटावाहून, म्हणजे केंद्र सरकारकडून येतो. त्यातला सगळ्यात मोठा वाटा ज्या व्यवस्थेतून मिळतो तिला टेरिटोरियल फॉर्म्युला फायनान्सिंग म्हणतात, १९८५ पासूनची. तिचा गाभा आपल्या घरखर्चाच्या वहीसारखा आहे. या प्रदेशात लोकांना सेवा पुरवायला किती खर्च येईल ते एका बाजूला. प्रदेश स्वतः कर वगैरे लावून किती कमवू शकेल ते दुसऱ्या बाजूला. मधला फरक केंद्राने द्यायचा, आणि तो कुठे खर्चायचा ते प्रदेशाने ठरवायचं. २०२३-२४ साली नुनावुतच्या वाट्याला असे जवळपास दोन अब्ज डॉलर आले. माणशी पन्नास हजारांच्या घरात. कॅनडाच्या १९८२च्या राज्यघटनेत कलम ३६ आहे: देशात कुठेही राहिलात तरी साधारण सारख्या कराच्या बोज्यात साधारण सारख्या सेवा मिळाव्यात. कलम प्रांतांबद्दल बोलतं, प्रदेशांबद्दल नाही. पण उत्तरेकडच्या तिन्ही प्रदेशांसाठीचं हे सूत्र त्याच विचाराने चालतं. साधारण सारख्या. या दोन शब्दांचा अर्थ लावण्यातच इथल्या सगळ्या सरकारांची वर्षं जातात.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत मी ओटावाला होते. एका मराठी घरी आरती झाली, मोदक झाले, आणि मग चौकशा. मी कुठे राहते आणि काय करते हे ऐकल्यावर एक काका, निवृत्त, अतिशय सज्जन माणूस, म्हणाले, "बाळा, एक विचारू का? चाळीस हजार माणसांसाठी एवढा पैसा ओतायचा, त्यापेक्षा त्यांना इकडे दक्षिणेत आणून चांगली घरं बांधून दिली तर? सरकारलाही स्वस्त, त्यांनाही सोयीचं." बोलण्यात हेटाळणी नव्हती. त्यांना खरोखर तो उपाय वाटत होता. हा प्रश्न मला इंग्रजीत, फ्रेंच धाटणीच्या इंग्रजीत, हिंदीत आणि मराठीत, सगळ्यांत विचारून झाला आहे. त्या दिवशी मी ताट खाली ठेवलं आणि काकांना १९५३ सालची गोष्ट सांगितली.

त्या वर्षी सरकारने क्विबेक प्रांताच्या उत्तर भागातल्या इनुक्जुआक गावातली काही कुटुंबं जहाजात बसवली आणि सुमारे दोन हजार किलोमीटर आणखी उत्तरेला नेऊन सोडली. एक जागा रेझोल्यूट, दुसरी ग्रीस फियॉर्ड. तिथे शिकार भरपूर आहे, दोन वर्षांत आवडलं नाही तर परत आणू, असं त्यांना सांगितलं होतं. जहाजावरच त्यांना कळलं की सगळे एका जागी राहणार नाहीत, नातेवाइकांची फाटाफूट होणार. जिथे उतरवलं तिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. त्यांच्या मूळ गावी हिवाळ्यातही उगवायचा. तिथली जनावरं वेगळी, बर्फ वेगळा, पाणी वेगळं. परत आणण्याचं वचन पाळलं गेलं नाही. शीतयुद्धाचे दिवस होते, आणि त्या बेटांवर कॅनडाची माणसं राहतात हे जगाला दिसणं देशाला हवं होतं. इथले लोक म्हणतात, आम्हाला झेंड्याच्या काठीसारखं रोवलं. सरकारने २०१० साली याची माफी मागितली. ग्रीस फियॉर्ड अजून आहे, दीडशेच्या आसपास माणसं. इनुइट त्याला औजुइत्तुक म्हणतात, जे कधी वितळत नाही ते. तिथे एक नर्स ठेवायला, एक शाळा चालवायला, एक डिझेल केंद्र चालू ठेवायला माणशी किती पडतात याचा हिशेब नक्की करावा. पण त्या हिशेबाची पहिली ओळ १९५३ सालापासून लिहावी लागेल.

काका गप्प ऐकत होते. मग म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं." मलाही इथे येईपर्यंत माहीत नव्हतं.

आणि हे एका गावापुरतं नाही. आज ज्यांना आपण दुर्गम वस्त्या म्हणतो, त्यातल्या बहुतेक तशा जुन्या नाहीत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी इनुइट कुटुंबं लहान लहान तळांवर, शिकारीच्या ऋतूप्रमाणे फिरती राहत. १९५०नंतरच्या पंचवीस वर्षांत त्यांना एकेका जागी बसवलं गेलं. कुणी मुलांच्या शाळेसाठी आले, कुणी नर्सच्या भरवशावर, कुणाला सांगितलं गेलं की मूल शाळेत नसेल तर बालभत्ता बंद होईल. वस्तीत आल्यावर बाहेर पडायचं साधन होतं कुत्र्यांच्या घसरगाड्या. त्या काळात पोलिसांनी कित्येक ठिकाणी हे कुत्रे मोकळे फिरतात म्हणून गोळ्या घालून मारले. मी हे अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे आपली बैलजोडी मारली तर?" हो अण्णा, अगदी तसंच. बॅफिनकडच्या लोकांनी स्वतःचा सत्यशोधन आयोग नेमून म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी लिहून घेतल्या. केंद्र सरकारने २०१९च्या ऑगस्टमध्ये त्याचीही माफी मागितली.

त्याच वर्षी मार्चमध्ये तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो इकालुइटला आले होते, आणखी एका गोष्टीची माफी मागायला. हे मला सगळ्यात जड जातं, कारण ते माझ्या टेबलाशी जोडलेलं आहे. १९५०पासून सी. डी. हाउ नावाचं जहाज दर उन्हाळ्यात किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं. जहाजावर क्ष-किरण यंत्र. सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायचे आणि क्षय निघाला तर त्या माणसाला परत किनाऱ्यावर उतरू द्यायचं नाही, तसंच दक्षिणेला. निरोप नाही, सामान नाही. १९५६च्या सुमारास दर सातांतला एक इनुइट दक्षिणेतल्या कुठल्या तरी आरोग्यधामात होता. बरेच जण बरे होऊन आले. काही मुलं इतक्या वर्षांनी आली की त्यांना आईची भाषा येईना. काही आलेच नाहीत, आणि ते कुठे पुरले गेले हे घरच्यांना कुणी कळवलं नाही. आता नानिलावुत नावाचा उपक्रम आहे, म्हणजे चला त्यांना शोधू, त्यातून नातवंडांना आजोबांच्या कबरीचा पत्ता मिळतो.

म्हणून आज एखादी आजी ओटावाला जायला नाही म्हणते, तेव्हा आमच्या कागदावर त्याची नोंद प्रवास नाकारला अशी होते आणि मला ती नोंद अपुरी वाटते. सोबत येणाऱ्या लेकीचं तिकीट कुणाला अनावश्यक खर्च वाटतो. मी ते तिकीट पास करताना कधीही हात आखडत नाही, आणि नियमात बसत असेल तर का बसतं ते शेऱ्यात सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या टेबलावर ते अडू नये.

एवढं सगळं म्हटल्यावर दुसरी बाजूही मला लिहिली पाहिजे. पैसा येतो आणि तरी बऱ्याच गोष्टी होत नाहीत.

बाळंतपणाचंच बघा. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते. बॅफिनकडच्या लहान वस्त्यांतल्या बायका दिवस भरायच्या काही आठवडे आधीच विमानात बसून इकालुइटला येतात, धोका असला तर ओटावाला. माहेर, सासर, आई, मोठी मुलं सगळी मागे. वसतिगृहात दिवस मोजायचे. रँकिन इनलेटसारख्या ठिकाणी प्रसूती केंद्र निघालं. पण अशा जागा मोजक्या. दोन पिढ्यांपूर्वी याच बायकांच्या आज्या तंबूत, बर्फाच्या घरात, अनुभवी सुईणीच्या हाताने बाळंत होत होत्या. त्याला धोके होते आणि मी त्या काळाचं गुणगान करणार नाही. पण बाळ जन्मताना आपल्या माणसांपासून इतकं लांब असणं, हेही एक दुखणंच आहे, आणि ते कुठल्या रकान्यात येत नाही.

म्हातारपणाचंही तेच. स्मृतिभ्रंश झालेल्या, सतत देखभाल लागणाऱ्या वृद्धांसाठी इथे पुरेशी सोय नाही, म्हणून त्यांना ओटावातल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. ज्या माणसाने आयुष्यभर सील आणि कॅरिबू खाल्ला, बर्फ वाचला, तो माणूस रहदारी दिसणाऱ्या खिडकीत बसतो. भाषा विसरण्याच्या रोगात शेवटी उरते ती आईची भाषा, आणि आजूबाजूला ती बोलणारी फारशी माणसं नाहीत. नातेवाईक मक्ताक पाठवतात, देवमाशाची कातडी आणि चरबी, थंड पेटीत घालून. माझी आजी शेवटच्या दिवसांत नाचणीची आंबील मागायची. तिला ती द्यायला आम्ही सगळे जवळ होतो.

मग खाण्याचं. ताजं अन्न विमानाने येतं, म्हणून २०११ पासून न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा ही अनुदान योजना आहे. अनुदान दुकानदाराला मिळतं आणि त्याने भाव उतरवायचा. २०१४ साली महालेखापरीक्षकांनी तपासलं तेव्हा आढळलं की दुकानदार ते पूर्ण अनुदान गिऱ्हाइकापर्यंत पोचवतात की नाही, याची खात्रीच खात्याने केलेली नव्हती. रेशन दुकानाच्या रांगेत वाढलेल्या माणसाला हे वाचून आश्चर्य वाटत नाही, वाईट मात्र वाटतं. पुढे योजनेत शिकाऱ्यांना मदत करणारा भाग जोडला गेला. मला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. सफरचंदावर अनुदान आहेच, तर स्नोमोबाइलच्या पेट्रोलवरही असावं, कारण इथलं खरं ताजं अन्न समुद्रात आणि टुंड्रावर आहे.

आणि हा पैसा शेवटी जातो कुठे? बराचसा दक्षिणेलाच परत जातो. विमान कंपन्या, बांधकामाचे ठेकेदार, काही आठवड्यांच्या करारावर येणाऱ्या नर्स, आणि मी. नुनावुतमध्ये सुमारे ८५ टक्के लोक इनुइट आहेत, पण सरकारी नोकरांत त्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास. १९९३च्या करारातल्या तेविसाव्या कलमात लिहिलंय की नोकऱ्यांत लोकसंख्येइतका वाटा असावा. त्या कलमाकडे बघताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही. मला सरकारी घर मिळालं, उत्तरेचा भत्ता मिळतो. माझ्या खालच्या मजल्यावर तीन खोल्यांत नऊ माणसं राहतात. माझ्या जागी इथली एखादी मुलगी बसायला हवी, आणि त्यासाठी ती शाळेत टिकायला हवी, शाळा तिच्या भाषेत शिकवणारी हवी. पण इनुक्टुत, म्हणजे इनुइटांची भाषा, शिकवण्याची मुदत कायद्यात बदल करून टप्प्याटप्प्याने २०३९पर्यंत लांबवली आहे. शिक्षक नाहीत, हे कारण. शिक्षक तयार करायला पैसा लागतो, आणि त्याहून जास्त सलग वर्षं लागतात. माझ्या हाताखाली सध्या एक मुलगी शिकते आहे. मॅकबुक माझ्याहून जलद चालवते, आजीशी फोनवर इनुक्टुतमध्ये बोलते आणि प्रवास नाकारलेल्या रुग्णांना स्वतः फोन करून का नाकारला ते विचारते. मी चार वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं. करूही शकले नसते.

सेवा म्हणजे काय, हे मला खरं कळलं ते आल्या आल्याच. २०२१चा ऑक्टोबर. नळाच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागला. १२ तारखेला शहरात आणीबाणी जाहीर झाली, पाणी प्यायचं नाही, उकळूनही नाही. दोन महिने. विमानांतून बाटल्या आल्या, सैन्य शुद्धीकरणाची यंत्रं घेऊन आलं, लोक सिल्व्हिया ग्रिनेल नदीवरून पाणी आणत. मी नवखी होते, उणे तापमानात हात बधिर झालेले, दोन कॅन घेऊन रांगेत. पुढच्या आजींनी अमाउतीच्या, म्हणजे मूल वाहायच्या इनुइट अंगरख्याच्या, पाठीवरच्या पिशवीत नातू घेतलेला. मला बघून त्या काही बोलल्या, मला कळलं नाही. मग त्यांच्याबरोबरच्या पोराने माझा एक कॅन उचलला आणि घरापर्यंत आणून दिला. मला तेव्हा नाकुर्मीक, धन्यवाद, एवढाही शब्द नीट येत नव्हता. पुढच्या एप्रिलमध्ये केंद्राने शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी २१४ दशलक्ष डॉलर जाहीर केले. हजारोंच्या शहरासाठी ही रक्कम मोठी आहे, असं तेव्हाही कुणी कुणी म्हणालं. रांगेत उभं राहिलेल्यांपैकी कुणी म्हणालेलं मी ऐकलं नाही.

आता एक मोठा बदल यायचा आहे. नुनावुतची जमीन आणि खनिजं आजवर बहुतांशी केंद्राच्या ताब्यात होती. खाणी आहेत, पण केंद्राच्या ताब्यातल्या जमिनीवरच्या खनिजांचा सरकारी वाटा ओटावाकडे. म्हणजे एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने अनुदान, आणि लोकांना फक्त दुसरा हात दिसतो. १८ जानेवारी २०२४ रोजी इकालुइटमध्ये करार झाला; १ एप्रिल २०२७पर्यंत हा कारभार नुनावुतकडे येईल. त्याने केंद्राची मदत संपणार नाही, संपूही नये. पण आपल्या वहीतली कमाईची बाजू आपल्या हाताने लिहिता येईल.

जूनमध्ये मला कामासाठी पांगनिर्तुंगला जायचं होतं. इथे सगळे त्याला नुसतं पांग म्हणतात. तासाभराचं उड्डाण. पंख्याचं विमान, पुढच्या अर्ध्या भागात सामान, मागे आम्ही अकरा माणसं. अंडी, दूध, टपाल, औषधांच्या पेट्या, एक स्नोमोबाइलचा पट्टा. डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या खाडीत विमान वळतं आणि धावपट्टी अचानक गावाच्या मधोमध समोर येते. उतरलो, तर धावपट्टीच्या कुंपणाशी निम्मं गाव. कुणी पेटी घ्यायला, कुणी माणूस घ्यायला, काही जण नुसतेच कोण आलं बघायला. मला क्षणभर मारुतीच्या देवळापुढे रात्री आठला उभी राहणारी आमची आळी दिसली. सगळ्यात शेवटी एक तरुण मुलगी उतरली, अमाउतीत दहा-बारा दिवसांचं बाळ. कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसांत एकदम गलका झाला. एक म्हातारी पुढे आली, तिने टोपी जराशी बाजूला केली, वाकून बाळाच्या गालाला नाक लावलं आणि खोल श्वास घेतला. मग दुसरी, मग तिसरी. महिनाभराने ती मुलगी घरी आली होती. दोन तिकिटं, तीस रात्रींचा मुक्काम. मे महिन्यात मीच ते कागद पुढे पाठवले असणार.

रात्री अण्णांना फोन लावला. आता ऐकायला कमी येतं त्यांना, पण असलं काही नीट ऐकतात.

"अकरा माणसं? विमान केवढं?"

"चाळीसेक माणसांचं, अण्णा. पण पुढं सामान असतं."

"म्हणजे भारमान कमीच." थोडं थांबून, "मुक्कामी असतं का ते?"

"नाही. लगेच परत जातं."

"मग रात्री कुणाला दुखलं-खुपलं तर?"

"इकालुइटहून दुसरं विमान येतं. हवा चांगली असेल तर."

"आणि नसेल तर?"

"मग नर्स असते तिथं."

"एकटीच?"

"दोघी-तिघी असतात. कधी कधी एकटी पण."

फोनवर पलीकडे पाऊस ऐकू येत होता. आमच्याकडे मृग लागला होता.

"तिचा पगार वेळेवर काढता ना गं तुम्ही?"

"काढतो, अण्णा."